दोनशेवा फेरा

शर्यत संपली, की जिंकणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहितात आणि बाकीच्यांची पुसतात, असा जगाचा रिवाज आहे. पण लोकांच्या मनातला फळा वेगळा असतो. तिथे काय राहील आणि काय पुसले जाईल, हे कोणत्याही पंचाच्या हाती नसते.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. १९६० च्या जानेवारीत मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी सामना चालू होता. अब्बास अली बेग खेळत असताना एक तरुणी मैदानात धावत गेली आणि तिने त्याच्या गालाचे चुंबन घेतले. ही हकीकत डोळ्यांनी पाहिलेले मुंबईकर अजून भेटतात. आणि त्यांतला प्रत्येक जण त्या दिवशी त्या मुलीच्या अगदी मागच्याच रांगेत बसलेला असतो! त्या सगळ्यांना खरोखर बसवायचे म्हटले, तर ब्रेबॉर्नवर आणखी चार मजले चढवावे लागतील. आता त्यांना विचारून पाहा, की सामन्याचा निकाल काय लागला? मंडळी डोके खाजवू लागतात. सामना अनिर्णित राहिला होता, हे आपणच त्यांना सांगावे.

आज मी ज्या शर्यतीविषयी लिहिणार आहे, तिचीही गत थोडीफार अशीच आहे. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात डेटोना बीच नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे १८ फेब्रुवारी १९७९ रोजी, रविवारी, मोटारींची ५०० मैलांची शर्यत झाली. तिकडच्या जुन्या शौकिनांपाशी नुसता ‘एकोणऐंशीचा डेटोना’ एवढा शब्द काढायचा अवकाश, की चिखल, हेल्मेट, गुद्दे आणि बर्फ यांचे वर्णन सुरू होते. जिंकणाऱ्याचे नाव बापडे सर्वांत शेवटी येते.

मी स्वतः वेगाचा भक्त नव्हे. माझ्या स्कूटरचा काटा चाळिसाच्या पुढे गेल्याचे त्या स्कूटरलाही आठवत नसेल. पण आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा नॉर्थ कॅरोलिनात नोकरीला आहे. तो मुलूख म्हणजे या शर्यतींचे माहेरघर. त्याच्या कचेरीतले पिकल्या केसांचे लोक जेवणाच्या सुट्टीत अजून त्या शर्यतीवर हमरीतुमरीवर येतात, असे त्याने कळवले आणि सोबत त्या शर्यतीचे चित्रणही पाठवून दिले. इतकी वर्षे पुरणारे भांडण म्हटल्यावर मला राहवेना. आपल्याकडे भाऊबंदकीशिवाय इतके टिकाऊ काही नसते!

पण आधी ‘स्टॉक कार’ म्हणजे काय ते सांगतो. स्टॉक म्हणजे दुकानातला माल. शर्यतीसाठी मुद्दाम बनवलेले, पाटासारखे चपटे वाहन नव्हे, तर तुम्ही-आम्ही बाजारातून विकत घेतो तीच चार चाकांची घरगुती मोटार, ही या खेळामागची मूळ कल्पना. या खेळाचे कूळ काही फारसे सोवळे नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत हातभट्टीची दारू गाळत. ती रातोरात शहरात पोचवायची, तर मोटार सरकारी माणसांच्या मोटारीपेक्षा वेगवान हवी. म्हणून ही मंडळी साध्या मोटारींची इंजिने खोलून त्यांत नाना करामती करीत. मग रविवारी फावल्या वेळात कोणाची मोटार अधिक पळते, याची पैज लागे. या मंडळींतला ज्युनियर जॉन्सन हा गडी पुढे नामांकित शर्यतपटू झाला. पण १९५६ साली बापाच्या भट्टीपायी त्याला शिक्षा होऊन त्याने अकरा महिने तुरुंगाची हवाही खाल्ली. हे नाव ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

या सगळ्या हौशी पसाऱ्याला शिस्त लावण्यासाठी बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थाने १९४८ साली ‘नॅस्कार’ ही संस्था काढली. डेटोनाला सुरुवातीला समुद्राच्या वाळूवरच शर्यती होत. १९५९ साली फ्रान्सने तेथे प्रचंड शर्यतीचे मैदान उभे केले. एक फेरा अडीच मैलांचा. असे २०० फेरे. वळणांवर रस्ता ३१ अंशांनी तिरपा केलेला. म्हणजे कोकणातल्या कौलारू घराच्या छपरावरून मोटार हाकावी, तसा प्रकार! तिथली पहिलीच ५०० मैलांची शर्यत इतकी अटीतटीची झाली, की निकाल आधी एकाच्या बाजूने लागला आणि छायाचित्रे तपासून तीन दिवसांनी तो फिरवून ली पेटी यांना विजयी ठरवण्यात आले. त्यांचा मुलगा रिचर्ड पेटी. हेही नाव ध्यानात ठेवा.

आता या खेळातली खरी मेख. सायकलवर उलट्या वाऱ्यात जाताना पुढे एखादा ट्रक आला, तर त्याच्या आडोशाने पाय कसे हलके पडतात, हे आपल्यापैकी अनेकांनी तरुणपणी अनुभवले आहे. डेटोनाला तेच घडते. पुढची मोटार हवा कापते, मागची तिच्या आडोशाने जाते आणि तिच्या इंजिनात थोडा जोर शिल्लक राहतो. शिवाय एकामागोमाग चिकटून पळणाऱ्या दोन मोटारी एकट्या मोटारीपेक्षा अधिक वेगाने जातात. ही युक्ती प्रथम ओळखून तिच्यावर १९६० ची शर्यत जिंकली ती आपल्या ज्युनियर जॉन्सननेच, आणि तीही इतरांपेक्षा मंद मोटार घेऊन. शेवटच्या फेऱ्यात मागच्याने आडोशातून एकदम बाहेर पडायचे आणि साठवलेल्या जोरावर पुढच्याला मागे टाकायचे. या डावाला तिकडे जे नाव आहे, त्याचा अर्थ गोफण. तेव्हा गंमत पाहा. जिथे २०० फेऱ्यांपैकी १९९ फेरे सर्वांच्या पुढे राहण्यासाठी धडपडायचे, तिथे शेवटच्या फेऱ्यात शहाणा माणूस दुसरा राहू पाहतो!

आता त्या रविवारकडे वळू. दोन गोष्टी त्या दिवशी एकत्र आल्या. पहिली अशी, की एक टेलिव्हिजन कंपनी ५०० मैलांची अशी शर्यत देशभर आरंभापासून अखेरपर्यंत थेट दाखवणार होती. तोवर या शर्यतींचे तुकडे दाखवीत, तेही बहुधा मागाहून. दक्षिणेतल्या गावठी लोकांचा खेळ तीन-साडेतीन तास कोण पाहणार, असा शहरी शंकेखोरांचा सवाल होता. दुसरी गोष्ट कोणाच्याच हातची नव्हती. त्याच दिवशी अमेरिकेच्या पूर्व भागात भयंकर हिमवादळ आले. वॉशिंग्टन शहर बर्फाखाली गाडले गेले. रस्ते बंद, दारे बंद. लक्षावधी लोक घरात अडकलेले. तेव्हा तिकडे टेलिव्हिजनच्या मोठ्या कंपन्या अवघ्या तीन. बटण फिरवून फिरवून माणूस किती फिरवणार? ज्यांनी जन्मात स्टॉक कारची शर्यत पाहिली नव्हती, असे लोक पांघरूण लपेटून डेटोना पाहत बसले. कोणत्या तरी क्षणी हा आकडा दीड कोटीच्या घरात गेला होता, असा अंदाज सांगतात.

डेटोनाला सकाळी पाऊस पडून गेला होता. रस्ता ओला, म्हणून पहिले पंधरा-सोळा फेरे पिवळ्या निशाणाखाली, वरातीसारखे संथपणे झाले. मग खरी शर्यत सुरू झाली आणि बत्तिसाव्या फेऱ्यालाच पहिला घोटाळा झाला. पुढे होता डॉनी अ‍ॅलिसन. त्याच्या पाठोपाठ त्याचा थोरला भाऊ बॉबी आणि तिसरा केल यारबरो. अ‍ॅलिसन बंधू अलाबामाचे. केल साउथ कॅरोलिनाचा, बुटका, दणकट आणि मागली तीन वर्षे, १९७६ ते १९७८, सलग अजिंक्यपद मिळवलेला. त्याच्या मोटारीचा मालक कोण? तोच ज्युनियर जॉन्सन. मोटारींना मोटारी लागल्या आणि तिघेही गरगरत आतल्या मैदानात, पावसाने झालेल्या चिखलात जाऊन पडले. दोष कोणाचा, यावर तेव्हापासूनच दोन तट आहेत. केलने मनात खूणगाठ बांधली, की हे काम बॉबीचे.

चिखलातून निघेपर्यंत केल तीन फेरे मागे पडला, डॉनी एक. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. पण त्या काळच्या नियमाप्रमाणे पिवळे निशाण दिसल्यावरही रेषेपर्यंत शर्यत चालूच राही. आणि तेवढ्यात पुढाऱ्याला गाठून त्याच्या आधी रेषा ओलांडली, की गमावलेला एक फेरा परत मिळे. केलने असे एकेक करून तिन्ही फेरे परत मिळवले. सावकाराकडे गहाण पडलेली जमीन पट्टीपट्टीने सोडवावी, तसे! शेवटचे वीसएक फेरे उरले, तेव्हा पुढे डॉनी आणि त्याच्या पाठीला चिकटलेला केल, असे दृश्य होते. बाकीचे सगळे अर्धा फेरा मागे. तिसऱ्या जागेसाठी रिचर्ड पेटी, डॅरल वॉल्ट्रिप आणि ए. जे. फॉइट यांची आपापसात झटापट चालली होती; पण तिकडे लक्ष कोण देतो?

आणि तो दोनशेवा फेरा आला. मागच्या सरळ रस्त्यावर केलने गोफण फिरवली. तो आडोशातून आतल्या, म्हणजे डाव्या, बाजूला निघाला. डॉनी त्याला अडवायला खाली सरकला. केलची डावी चाके रस्ता सोडून चिखलगवतात गेली. पण केल मागे हटेना. मोटार मोटारीवर आदळली, सुटली, पुन्हा आदळली. दोघे एकमेकांना चिकटूनच वर चढत तिसऱ्या वळणाच्या भिंतीवर गेले, आणि तिथून घसरत खाली गवतात येऊन थांबले. शर्यतीला एक मैलही उरला नव्हता.

क्षणभर टेलिव्हिजनलाही कळेना, की आता पुढे आहे कोण! कॅमेरा मागे फिरला तेव्हा दिसले, की अर्धा फेरा मागे असलेला पेटी आता पहिला आहे. वॉल्ट्रिपला जेमतेम एका मोटारीच्या लांबीने मागे ठेवून त्याने रेषा ओलांडली. मुंबई ते नागपूर रेल्वेने जितके अंतर, जवळजवळ तितके साडेतीन तासांच्या आत कापून.

आता या पेटीची कथा. लोक त्याला ‘राजा’ म्हणत. पण राजाचे दिवस फिरले होते. १९७७ च्या जुलैपासून ४५ शर्यतींत त्याला एकही विजय नव्हता. त्यातून पोटात अल्सर. नुकतीच शस्त्रक्रिया होऊन जठराचा मोठा भाग काढून टाकलेला. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितली, ती न जुमानता हा गृहस्थ पाचशे मैल मोटार हाकायला बसला होता. आणखी एक योगायोग असा, की १९७६ साली याच शर्यतीच्या शेवटच्या वळणावर पेटी आणि डेव्हिड पिअर्सन यांची टक्कर झाली होती. तेव्हा पेटीची मोटार रेषेच्या थोडी अलीकडे बंद पडली, आणि पिअर्सनने आपली मोडकी मोटार रांगत्या पोरासारखी नेऊन शर्यत जिंकली. त्या दिवशी गवतात बसून दुसऱ्याचा विजय पाहणारा तीन वर्षांनी दुसऱ्यांना गवतात सोडून जिंकला. त्याचे साथीदार आनंदाने धावत्या मोटारीच्या टपावर चढून बसले. एखाद्या नाटककाराला यापेक्षा चांगला शेवट सुचला नसता.

पण हा शेवट नव्हताच! थोरला बॉबी मागाहून आपली शर्यत पुरी करून आला. भाऊ गवतात उभा दिसला, म्हणून त्याने मोटार थांबवली आणि तुला नेऊ का, असे विचारले. तेवढ्यात केल तणतणत आला. सकाळचा राग आणि आताचा राग एकत्र झालेला. त्याने खिडकीतूनच बॉबीच्या तोंडावर हेल्मेट हाणले. बॉबी उतरला. पुढे जे झाले, त्याचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे: केलने लाथ उगारलेली आणि तिचे पाऊल बॉबीच्या हातात. डॉनी, ज्याच्यापायी हे सगळे रामायण झाले, तो बाजूला! बॉबी पुढे कितीतरी वर्षे सांगत असे, की मी काहीच केले नाही. केल आपले नाक माझ्या मुठीवर आपटू लागला, त्याला मी काय करणार?

हे चित्रण आमच्या घरात एका रविवारी दुपारी लागले. आमच्या चिरंजिवांनी तत्काळ निकाल दिला, “बाबा, डॉनीने वाट अडवली. चूक त्याचीच.” आमच्या सौभाग्यवतींनी लगेच हरकत घेतली, “अहो, पण डावीकडून घुसला कोण? आपल्याकडे आर.टी.ओ.ने त्याचंच लायसन काढून घेतलं असतं!” अमेरिकेत वाहतूक उलट्या बाजूने चालते, हा माझा मुद्दा कोणी विचारात घेतला नाही. पुन्हा चित्रण मागे नेले, पुन्हा पाहिले. आणि दर वेळी दोघांनाही आपापलाच पुरावा त्यात दिसला. पाऊण तासात आमच्या दिवाणखान्यात अलाबामा आणि साउथ कॅरोलिना असे दोन पक्ष उभे राहिले.

आई मात्र टक्कर झाली तेव्हापासून गप्प होती. जपाची माळ तशीच हातात थांबलेली. मोटारी भिंतीवरून घसरून थांबल्या, तशी ती म्हणाली, “नीट आहेत ना रे दोघं?” आम्ही वादात गुंग, उत्तर कोण देणार? मग पडद्यावर ते तिघे एकमेकांच्या अंगावर धावून गेले. तिने सुस्कारा सोडला आणि माळ पुन्हा सुरू केली. म्हणाली, “भांडतायत ना, मग काळजी नाही. पोर पडलं की रडू दे मेलं. न रडता पडून राहिलं, की पोटात गोळा येतो.”

आम्ही हसलो. पण त्या शर्यतीविषयी जे जे मी पुढे वाचले-पाहिले, त्यात आईचे हे वाक्य मला सोडीना.

भांडणाचा निकाल लागला तो असा. नॅस्कारने तिघांनाही प्रत्येकी ६,००० डॉलर दंड केला. त्याने काय होणार? पुढच्याच शर्यतीत, रॉकिंगहॅमला, डॉनी आणि केल पुन्हा एकमेकांवर आदळले! केल शेवटपर्यंत म्हणे, मी बरोबरीला आलो होतो, त्याने मला रस्त्याबाहेर ढकलले. डॉनी म्हणे, खाली जागाच नव्हती, त्याने बाहेरून जायला हवे होते. रीतसर विजेता पेटी त्या वर्षाचे अजिंक्यपदही अवघ्या ११ गुणांनी वॉल्ट्रिपच्या हातून घेऊन गेला. त्याचे ते सातवे. पण शौकिनांच्या बैठकीत त्या ११ गुणांवर कोणी आवाज चढवत नाही. आवाज चढतो तो चिखलात गेलेल्या दोन चाकांवर.

असे का व्हावे? मोटार किती पळाली, याला उत्तर एकच असते. ते घड्याळ सांगते. चूक कोणाची, याला मात्र जितकी माणसे तितकी उत्तरे. बर्फात अडकून पहिल्यांदाच हा खेळ पाहणाऱ्याला इंजिनातले काय कळत होते? पण थोरला भाऊ धाकट्यासाठी मोटार थांबवतो, हे कळत होते. हातातोंडाशी आलेला घास गेल्यावर माणूस कसा पिसाळतो, हे कळत होते. लोखंडाच्या पेटीतून शेवटी आपल्यासारखीच माणसे बाहेर निघाली, आणि तेवढ्याने हा परका खेळ घरचा झाला. दक्षिणेतला हा खेळ देशाचा होऊ लागला तो त्या दुपारपासून, असे त्या खेळाचे जाणकारही सांगतात.

आठवणीची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तोच थोरला बॉबी १९८८ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, डेटोनाची शर्यत जिंकला. आणि दुसरा कोण आला? त्याचा स्वतःचा मुलगा डेव्ही. बाप पहिला, लेक दुसरा! पण त्याच वर्षी जूनमध्ये पोकोनो येथील अपघातात बॉबीच्या डोक्याला जबर मार बसला. जीव वाचला, पण डेटोनाचा तो विजय त्याच्या स्मरणातून साफ पुसला गेला. आयुष्यातला सर्वांत गोड दिवस त्याला दुसऱ्यांनी सांगावा, तेव्हा कळावा! १९९२ साली त्याचा धाकटा मुलगा क्लिफर्ड सरावाच्या अपघातात गेला आणि १९९३ साली हेलिकॉप्टरच्या अपघातात डेव्हीही गेला. तेव्हा जुने शौकीन त्याच त्याच गोष्टी उगाळतात, म्हणून त्यांना हसण्याआधी थोडे थांबावे. ज्याचा दिवस होता त्याच्याकडेच तो उरला नाही. तो सांभाळला पाहणाऱ्यांनी.

आणि आता ज्याच्यासाठी हे सारे लिहायला बसलो, ते.

१९७९ च्या त्या शर्यतीत आठव्या क्रमांकावर एक नवखा तरुण आला होता. डेल अर्नहार्ट त्याचे नाव. पुढे त्यानेही पेटीइतकीच, सात अजिंक्यपदे मिळवली. २००१ सालच्या डेटोनाच्या शर्यतीत, पुन्हा शेवटच्याच फेऱ्यात, तो तिसरा होता. पुढे पहिला मायकेल वॉल्ट्रिप आणि दुसरा अर्नहार्टचा स्वतःचा मुलगा. दोन्ही मोटारी त्याच्याच मालकीच्या. मागून येणाऱ्यांना तो एकटा थोपवून धरीत होता. मायकेलने त्यापूर्वी ४६२ शर्यती केल्या होत्या आणि एकही जिंकली नव्हती. टेलिव्हिजनवर वर्णन करायला बसला होता त्याचा थोरला भाऊ डॅरल. हो, तोच, जो १९७९ साली पेटीच्या मागे दुसरा आला होता. धाकटा भाऊ जिंकतो आहे, हे पाहून डॅरलचा आवाज आनंदाने फुटला. त्याच वेळी शेवटच्या वळणावर अर्नहार्टची मोटार भिंतीवर गेली, आणि केन श्रेडरच्या मोटारीसह घसरत खाली गवतात येऊन थांबली.

अपघात दिसायला १९७९ च्यापेक्षा भयंकर नव्हता. भिंत तीच, गवत तेच, फेराही तोच दोनशेवा. श्रेडर उतरला आणि चालत अर्नहार्टच्या खिडकीपाशी गेला. १९७९ साली खिडकीपाशी आलेल्या माणसाच्या हातात हेल्मेट होते आणि आतून बॉबी त्वेषाने बाहेर पडला होता. श्रेडरने खिडकीतून आत पाहिले आणि तो हात हलवून मदतीसाठी माणसांना बोलावू लागला. आतून कोणी बाहेर आले नाही. वर डॅरलच्या आवाजातला आनंद ओसरला आणि डेल ठीक असू दे, असे तो म्हणू लागला. डेल ठीक नव्हता. ती तारीखही १८ फेब्रुवारीच होती. त्या पहिल्या रविवारला बरोबर २२ वर्षे झाली होती.

त्यानंतर नॅस्कारने त्याच वर्षी, ऑक्टोबरात, मान जागच्या जागी धरून ठेवणारा पट्टा सर्वांना सक्तीचा केला. पुढच्या वर्षापासून भिंतींना धक्का सोसणारे मऊ आवरण लागू लागले. नंतरच्या वीस वर्षांत त्या सर्वोच्च मालिकेच्या शर्यतीत एकही चालक दगावला नाही. हे आधी का सुचले नाही, असे आपण विचारू शकतो. पण प्रेक्षकांनीही स्वतःला काही विचारावे. मोटार भिंतीवर आदळली, की क्षणभर आपण जागेवरून उठतो. त्या उठण्यात भीती किती आणि मौज किती, हे ज्याचे त्याने पाहावे.

एकोणऐंशीचे शौकीन त्या भांडणाची आठवण काढून इतके मनमोकळे हसू शकतात, त्याचे कारण मला वाटते हेच आहे. टाळी एका हाताने वाजत नाही, भांडणालाही दोघे लागतात, असे आपण म्हणतो. पण दोघे लागतात, म्हणजे आधी दोघेही शिल्लक राहावे लागतात. ताशी दोनशे मैलांच्या आसपास वेगाने जाऊन तीन माणसे गवतात उभी राहिली, आणि त्यांच्या अंगात एकमेकांना लाथा घालण्याइतकी ताकद उरली होती! त्या दुपारी डेटोनाला याहून मोठा विजय दुसरा झाला नाही.

केल यारबरो २०२३ च्या ३१ डिसेंबरला वारला, वयाच्या ८४ व्या वर्षी. बॉबी अ‍ॅलिसन २०२४ च्या नोव्हेंबरात, ८६ व्या वर्षी. त्या दुपारनंतर दोघेही चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षे जगले, म्हातारे झाले, आणि चूक कोणाची होती हे लोकांना रंगवून सांगत राहिले. तो वाद अजून मिटलेला नाही. न मिटो.